हल्ला चढतो, पण नेमकी चाल चुकते: बुद्धिबळातला नेहमीचा बिघाड आणि त्याची दुरुस्ती

लक्षण ओळखीचे आहे. ओपनिंग नीट गेली, मोहरी बाहेर आली, समोरच्याचा राजा उघडा पडला. मागे उभे राहून बघणारेही मनात म्हणतात, संपला आता. मग दोन शह, एक मारामारी, वजीर एच५वरून गुपचूप परत एफ३वर, आणि थोड्या वेळाने पाहावे तर एक उंट कमी आणि हल्ला गायब. लातूर, परभणी, जालना, नांदेड, कुठल्याही रविवारच्या रॅपिड (कमी वेळाच्या डावांच्या) स्पर्धेत शेवटच्या पटापासून पहिल्या पटापर्यंत हे घडताना दिसते. बिनरेटिंगच्या मुलाचे होते आणि १७०० रेटिंगवाल्याचेही. फरक इतकाच, की १७०० वाल्याची चूक दोन चाली उशिरा दिसते.

यावर सरसकट सांगितले जाते की गणित वाढवा, कोडी सोडवा. बऱ्याचदा हे निदानच चुकलेले असते. डाव संपल्यावर त्याच खेळाडूला ती चाल दाखवली तर तो पुढच्या पाच चाली घडाघडा सांगतो. म्हणजे गणित येत होते, ती चाल विचारातच आली नव्हती. ती न येण्याचे कारण असे, की हल्ला करणारा फक्त आपल्या मोहऱ्यांकडे पाहतो: वजीर कुठे जाईल, शह कुठून बसेल. पाहायला हवे ते राजाकडून: त्याला पळायला कोणते घर आहे आणि त्या घराचा राखणदार कोण. खालचे सगळे उपाय याच एका बदलाचे आहेत.

पुढच्या ओळींत रा, व, ह, उं, घो ही राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा यांची अक्षरे आहेत. प्याद्याला अक्षर नाही. × म्हणजे मारणे, + म्हणजे शह, आकड्यानंतरचे तीन ठिपके म्हणजे ती चाल काळ्याची. घराचे नाव पट्टीचे अक्षर (ए ते एच) आणि ओळीचा आकडा (पांढऱ्याकडून १ ते ८) मिळून होते. पट मांडून वाचा. नुसते वाचून यातले निम्मेही हाती लागणार नाही.

शह दिसला की दिला

सगळ्यात जास्त हल्ले इथेच विझतात. शह दिला की समोरच्याला चाल खेळावीच लागते, म्हणून तो दमदार वाटतो. पण ती सक्तीची चाल त्याला हवीच असेल तर तुम्ही त्याचे काम फुकटात करून देता. राजा जी८वरून एच८ला गेला आणि तिथे तो जास्त सुखरूप झाला, किंवा शह अडवायला प्यादे एक घर पुढे आले आणि तुमच्याच उंटावर चढले, असे झाले की शह वाया गेला. तोच शह हातात राखून ठेवला असता तर पुढे कामाला आला असता.

शालेय स्पर्धांत याचा ठरलेला नमुना म्हणजे चार चालींची मात. १. ई४ ई५ २. व-एच५ घो-सी६ ३. उं-सी४, आणि एफ७वर मात बसणार. इथे घाबरून ३...घो-एफ६ खेळला तर ४. व×एफ७ मात, हे खरेच. पण ३...जी६ खेळले की वजिराला उठावे लागते, आणि ४. व-एफ३ या दुसऱ्या धमकीला ४...घो-एफ६ हे उत्तर तयार असते. काळ्याची दोन मोहरी आणि एक प्यादे जागेवर आले. पांढऱ्याचा वजीर दोनदा हलला आणि जी१चा घोडा जिथे यायला हवा तेच एफ३ अडवून बसला. बिघाड कुठे आहे ते पाहा: एफ७वर फक्त दोन मोहऱ्यांचा जोर होता आणि त्यातला एक जोर एका प्याद्याने हटवता येत होता.

दुरुस्ती एका वाक्याची आहे. शह आधी मोजायचा, आधी द्यायचा नाही. सगळे शह, सगळ्या मारामाऱ्या आणि सगळ्या थेट धमक्या नजरेखालून घाला. त्यातला कोणता शह राजाचे एखादे घर कमी करतो, तेवढे बघा. एकही घर कमी होत नसेल तर तो शह तूर्त खिशात.

राजाची घरे मोजणे

कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) झालेला राजा जी८वर असेल तर शेजारची घरे पाचच: एफ८, एच८, एफ७, जी७, एच७. प्रत्येक घराला तीनपैकी एक शेरा द्या. त्याच्याच मोहऱ्याने अडलेले, माझ्या माऱ्यात असलेले, किंवा मोकळे. सरावाने याला दहा सेकंदही लागत नाहीत, आणि पुढची निवड निम्मी सोपी होते.

एक साधी मांडणी घ्या. पांढरे: राजा जी१, वजीर डी३, उंट सी२ आणि जी५, प्यादे डी४. काळे: राजा जी८, हत्ती एफ८, वजीर डी८, उंट ई७, घोडा एफ६, प्यादी ई६, एफ७, जी७, एच७. वजिराच्या पाठीमागे उंट आहे, निशाणा एच७वर आहे. घाईत व×एच७+ खेळले तर घोडा वजीर मारतो आणि डाव संपतो. राखणदार एफ६चा घोडा आहे, म्हणून आधी तो हटवायचा: १. उं×एफ६. आता काळ्याने उंटाने मारले किंवा जी-प्याद्याने मारले, तरी २. व×एच७ मात. एफ८वर त्याचाच हत्ती आहे, एच८ वजिराच्या माऱ्यात आहे. काळ्याने मारण्याऐवजी १...जी६ केले तर २. उं×ई७ व×ई७ होऊन पांढऱ्याचे एक मोहरे सरळ वाढते.

आता एकच बदल करा. काळा हत्ती एफ८ऐवजी ई८वर ठेवा. तीच १. उं×एफ६ उं×एफ६ २. व×एच७+ ही चाल खेळली की राजा एफ८ला जातो, पुढचा शह दिला तर रिकाम्या ई७वरून निसटतो, आणि हाती एक प्यादे लागते. चाल तीच, निशाणा तोच, पण एक घर मोकळे राहिले. कोड्यात पाहिलेला नमुना डावात जसाच्या तसा लावून बसणारे इथे फसतात. नमुना आठवणे चांगलेच, पण एफ८वर कोण उभे आहे हे दर वेळी नव्याने पाहावे लागते.

क्रम उलटा झाला

हा बिघाड थोडा वरच्या पातळीचा. दोन्ही चाली सापडलेल्या असतात, पण आधीची नंतर आणि नंतरची आधी होते.

पांढरे: राजा जी१, वजीर एच६, हत्ती ई३, प्यादी ए२, बी२, एफ२, जी२, एच२ आणि एफ६. काळे: राजा एच८, वजीर डी८, हत्ती जी८ आणि सी८, प्यादी ए६, बी५, एफ७, जी६, एच७. चाल पांढऱ्याची. पांढरा एका हत्तीने मागे आहे आणि काळा वजीर एफ६चे प्यादे मारायच्या बेतात आहे, म्हणजे रेंगाळायला वेळ नाही.

बहुतेकांच्या डोळ्यांत भरते ती १. ह-एच३. पुढे व×एच७ मात, आणि काळ्याकडे एच७ राखायला काहीच नाही. चाल देखणी आहे आणि हरणारी आहे: १...व-डी१ मात. हत्ती ई३वर होता तोपर्यंत पहिल्या ओळीवर शह आला तर ई१वर येऊन अडवता येत होता. तो एच३ला गेला आणि घर उघडे पडले.

बरोबर क्रम १. व×एच७+ रा×एच७ २. ह-एच३ मात. राजाची घरे मोजून पाहा. जी८वर त्याचाच हत्ती, जी६वर त्याचेच प्यादे, जी७वर एफ६च्या प्याद्याचा मारा, एच६ आणि एच८ हत्तीच्या पट्टीत. मध्ये मोहरे घालून शह अडवायला काळा वजीर एच४ला येऊ शकला असता, पण त्याच्या तिरक्या रस्त्यात एफ६चे प्यादेच उभे आहे.

कोणती चाल आधी हे ठरवण्याची कसोटी यातूनच निघते. माझ्या चालीनंतर समोरच्याला शह देता येतो का? येत असेल तर माझी धमकी कितीही मोठी असली तरी ती एक चाल उशिरा येते. अशा वेळी शहांच्या साखळीनेच जावे लागते, कारण साखळीत त्याला श्वास घ्यायला जागा नसते. शह येत नसेल तर शांत चालीला, म्हणजे शह किंवा मारामारी नसलेल्या चालीला, मोकळीक आहे.

एच७वरचा बळी: कधी बसतो, कधी अंगावर येतो

मराठवाड्यातल्या कुठल्याही क्लबात ‘ग्रीक गिफ्ट’ (एच७वर उंट देऊन राजाला बाहेर ओढणे) हे नाव माहीत नसलेला मुलगा विरळा. आणि हाच बळी सगळ्यात जास्त वेळा चुकीच्या जागी दिला जातो. म्हणून याला थोडा जास्त वेळ देतो.

मांडणी अशी. पांढऱ्याचा राजा जी१, वजीर डी१, उंट डी३ आणि सी१, घोडा एफ३, प्यादी डी४ आणि ई५. काळ्याचा राजा जी८, हत्ती एफ८, वजीर डी८, घोडा डी७, उंट बी४ आणि सी८, प्यादी डी५, ई६, एफ७, जी७, एच७. आता १. उं×एच७+ रा×एच७ २. घो-जी५+. इथून राजाला तीन वाटा आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या मोजाव्या लागतात.

पहिली वाट २...रा-जी८. मग ३. व-एच५, धमकी एच७वर मात. काळ्याने पळायला जागा करण्यासाठी ३...ह-ई८ केले तर इथेच क्रमाची चूक होते. हात शिवशिवतो व-एच७+ साठी, आणि राजा एफ८, ई७ असा निघून जातो. बरोबर चाल ४. व×एफ७+ रा-एच८ ५. व-एच५+ रा-जी८ ६. व-एच७+ रा-एफ८ ७. व-एच८+ रा-ई७ ८. व×जी७ मात. एफ७चे प्यादे आधी का मारले ते शेवटच्या चालीत कळते: ते तिथे असते तर जी७वरून सातव्या ओळीने शहच बसला नसता. डी६ आणि एफ६ ही घरे ई५चे प्यादे राखते, डी७, डी८ आणि ई८ त्याच्याच मोहऱ्यांनी भरलेली आहेत.

दुसरी वाट २...रा-एच६. सी१च्या उंटाचा तिरका रस्ता मोकळा असेल तर ३. घो×ई६+ असा उघड शह बसतो आणि डी८चा वजीर घोड्याच्या तोंडी जातो. रस्त्यात डी२ किंवा ई३वर आपलेच काही बसलेले असेल तर हा सगळा हिशोब कोलमडतो. हे तपासायचे बरेच जण विसरतात.

तिसरी वाट २...रा-जी६, आणि खरी परीक्षा हीच. ३. व-जी४ किंवा ३. एच४ हे दोन नेहमीचे प्रयत्न. व-जी४नंतर घोडा हलला की जी-पट्टीवर उघड शह आहे, म्हणून काळा बहुधा ३...एफ५ खेळतो. तिथून व-जी३ किंवा ई×एफ६, काय चालेल ते बाकीच्या मोहऱ्यांवर ठरते. या फाट्याचा हिशोब पटावर पुरा होत नसेल तर बळी देऊ नका. पहिल्या वाटेतली मात पाठ आहे म्हणून उंट देणारे खेळाडू याच फाट्यात हरतात.

मधेच काळ्याने २...व×जी५ मारले तर ३. उं×जी५ होऊन वजीर जातो, म्हणून जी५च्या घोड्याला सी१च्या उंटाचा जोर असणे हा सौद्याचा भाग आहे. काळा उंट बी४ऐवजी ई७वर असेल तर तो जी५चा घोडा मारतो. अशा वेळी प्यादे आधीच एच४वर असेल आणि कॅसलिंग न झाल्याने हत्ती एच१वरच असेल तर एच×जी५ मारताना एच-पट्टी उघडते, शहही बसतो. प्यादे एच२वरच असेल तर हल्ल्यातला जीव गेलेला असतो.

बळी अंगावर येण्याची कारणे मोजकी आहेत. काळा हत्ती आधीच ई८वर असेल तर व-एच५ला घो-एफ८ हे उत्तर आहे, घोडा एच७ राखतो, आणि तुम्ही एक मोहरे देऊन बसलात. काळ्याचा उंट एफ५ला किंवा वजीर डी३ला येऊन बी१-एच७ हा कर्ण धरू शकत असेल तरीही तेच. ई५चे प्यादे नसेल तर घोडा एफ६ला परततो. यातले एकही कारण पटावर दिसले तर हल्ला सोडायचा नाही, फक्त बळी एक-दोन चाली पुढे ढकलायचा. आधी एच४, किंवा आधी हत्ती ई१वर.

घरात बसलेला हत्ती

हल्ला फसलेल्या डावांत शेवटची स्थिती पाहिली तर एक गोष्ट वारंवार आढळते: ए१चा हत्ती जागचा हललेला नसतो. दोन मोहरी लढली, तीन बघत बसली. राजाभोवतीच्या भागात माझी किती मोहरी पोहोचतात आणि त्याची किती राखणीला येतात ही मोजणी कुठल्याही बळीआधी करायची. माझी संख्या किमान एकाने जास्त हवी. समान असेल तर आधी नवे मोहरे आणायचे.

हे पाहायला १८५८ सालचा पॅरिसच्या ऑपेरागृहातला अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फीचा डाव अजूनही सगळ्यात स्वच्छ आहे. समोर ड्यूक ऑफ ब्रन्सविक आणि काउंट इझुआर सल्लामसलत करून खेळत होते. १. ई४ ई५ २. घो-एफ३ डी६ ३. डी४ उं-जी४ ४. डी×ई५ उं×एफ३ ५. व×एफ३ डी×ई५ ६. उं-सी४ घो-एफ६ ७. व-बी३ व-ई७. आता बी७चे प्यादे फुकट दिसते. मारले की व-बी४+ होऊन वजिरांची अदलाबदल होते. मॉर्फीने ८. घो-सी३ खेळून आणखी एक मोहरे बाहेर काढले. ८...सी६ ९. उं-जी५ बी५ १०. घो×बी५ सी×बी५ ११. उं×बी५+ घोबी-डी७ (बी-पट्टीवरचा घोडा) १२. ०-०-० (वजिराच्या बाजूला कॅसलिंग). कॅसलिंग इथे राजाच्या सुरक्षेसाठी कमी आणि हत्ती डी-पट्टीवर आणण्यासाठी जास्त आहे. १२...ह-डी८ १३. ह×डी७ ह×डी७ १४. ह-डी१.

चौदावी चाल थांबून पाहण्यासारखी आहे. डी७चा हत्ती बी५च्या उंटाने राजासमोर खिळलेला आहे, एफ६चा घोडा जी५च्या उंटाने वजिरासमोर खिळलेला आहे. दोन्ही पळणार नाहीत. मग मारायची घाई कशाला? मॉर्फीने एच१वर रिकामा बसलेला शेवटचा हत्ती कामाला लावला. १४...व-ई६ १५. उं×डी७+ घो×डी७ १६. व-बी८+ घो×बी८ १७. ह-डी८ मात. डाव संपला तेव्हा काळ्याचा एफ८चा उंट आणि एच८चा हत्ती एकदाही हललेले नव्हते.

खिळलेल्या मोहऱ्यावर लगेच मारामारी करून ती पिन संपवणे ही आपल्याकडच्या खेळाडूंची फार जुनी खोड आहे. पिन टिकून असेल तर तिच्यावर आणखी एक जोर वाढवायचा, एवढे केले तरी बरेच डाव सुधारतील.

शांत चाल का सुचत नाही

कोड्यांच्या ॲपमुळे. तिथे बहुतेक उत्तरे शहाने किंवा मारामारीने सुरू होतात, म्हणून डोळ्याला तेवढेच वळण लागते. जानेवारी २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथे विश्वनाथन आनंदने काळ्या मोहऱ्यांनी लेव्हॉन अरोनियनला २३ चालींत हरवले. त्याची शेवटची चाल शह नव्हती आणि मारामारीही नव्हती: उंट ई३वर. पांढरा वजीर डी३वरून तिसऱ्या ओळीने एच३ राखत होता, उंटाने मध्ये येऊन तो रस्ताच बंद केला. अरोनियनने डाव सोडला. राखणदार मारता येत नसेल तर त्याची वाट अडवता येते. राखणदाराकडे बघायची सवय असेल तरच हे सुचते, शह शोधणाऱ्याला सुचत नाही.

आणखी एक गोष्ट. लातूर पॅटर्नमधून आलेली मुले पर्याय खोडण्यात तरबेज असतात. नीटच्या पेपरात चार पर्याय छापून मिळतात, पटावर ते आपणच मांडायचे असतात. खोडण्याचे कौशल्य तेव्हाच उपयोगी, जेव्हा यादीत बरोबर चाल आलेली असते. म्हणून यादी तीन प्रश्नांतून काढा: राजाचे कोणते घर मोकळे आहे, त्याचा मुख्य राखणदार कोण, आणि माझे कोणते मोहरे बेकार बसले आहे. प्रत्येक प्रश्नातून एक चाल निघाली तरी तीन उमेदवार झाले. रॅपिडमध्ये त्याहून जास्त मोजायला वेळ नसतोच.

प्याद्यांचा हल्ला

दोघांचे कॅसलिंग विरुद्ध बाजूंना झाले असेल तर निवड बदलते. इथे प्रश्न कोण आधी पट्टी उघडतो हा असतो, आणि तो चाली मोजूनच सुटतो. काळ्याचे प्यादे जी६वर असेल तर एच४, एच५ या दोन चालींत तुमचे प्यादे भिडते, तिसऱ्या चालीला पट्टी उघडते. त्याचे प्यादे एच६वर असेल तर जी४, जी५ याच हिशोबाने चालते. त्याने एकही प्यादे हलवलेले नसेल तर एच-प्याद्याला एच६पर्यंत जावे लागते, म्हणजे एक चाल जास्त. त्या एका चालीवर डाव फिरतो. म्हणून राजासमोरचे प्यादे विनाकारण हलवू नका असे जे सांगतात, ते यासाठीच.

सिसिलियन ड्रॅगन या ओपनिंगमध्ये हे सगळे एका जागी दिसते. उं-एच६ करून जी७चा उंट बदलायचा, एच-पट्टी उघडायची, आणि एफ६चा घोडा हटवायचा, कारण एच७चा राखणदार तोच. १९५८ साली पोर्टोरोझच्या इंटरझोनल या जगज्जेतेपदाच्या पात्रता स्पर्धेत १५ वर्षांच्या बॉबी फिशरने बेंट लार्सनविरुद्ध घोडा एच५ला येऊन बसल्यावर थेट हत्तीने तो मारला, आणि जी×एच५ झाल्यावर जी६ ढकलले. हत्ती देऊन घोडा घेणे महाग वाटते, पण पूर्ण फळी त्या एका घोड्यावर उभी होती.

मध्य उघडा असताना मात्र जी४-जी५ करू नका. काळ्याने डी५ फोडले की तुमच्याच राजासमोरची जागा मोकळी झालेली असते. मध्य बंद किंवा घट्ट असेल तेव्हाच कडेची प्यादी धावतात.

हल्ला नाहीच, तरी शोधतोय

विल्हेल्म स्टाइनिट्झ १८८६ मध्ये पहिला अधिकृत जगज्जेता झाला. त्याने मांडलेला नियम दोन्ही बाजूंनी लागू होतो: वरचष्मा असेल तर हल्ला केलाच पाहिजे, नाहीतर वरचष्मा जातो, आणि वरचष्मा नसताना केलेला हल्ला फसणारच. कोड्यात मात आहे हे आधीच ठाऊक असते, डावात कुणी सांगत नाही. मग शोध सुरू करण्याची खूण काय? राजाकडे जाणारी उघडी पट्टी किंवा कर्ण, पहिल्या ओळीवर अडकलेला राजा, बिनजोर मोहरे, किंवा एकाच मोहऱ्यावर दोन कामांची राखण. यातले निदान दोन दिसले तर पाच मिनिटे खर्च करा. एकही नसेल तर तीस सेकंदांत एखादे मोहरे सुधारून पुढे चला.

घड्याळ आणि हात

समजा १५ मिनिटे आणि दर चालीला ५ सेकंद जास्त असा वेळ आहे. हल्ल्याच्या निर्णायक चालीसाठी चार मिनिटे शिल्लक ठेवायची असतील तर पहिल्या बारा चाली चार मिनिटांत संपवाव्या लागतात. जेवणानंतरच्या फेरीत, उन्हाच्या तडाख्यात, हे कोलमडते. त्या फेरीत ओळखीचीच ओपनिंग खेळावी.

चाल आधी लिहून मग तपासायची जुनी शिकवण आता नियमात बसत नाही: चाल खेळल्यावरच लिहायची असते. त्याऐवजी हात मांडीखाली. हात लावलेले मोहरे चालावेच लागते, आणि हल्ल्याच्या भरात वजिराला हात लागून हत्तीची चाल सुचणे ही नेहमीची गोष्ट आहे. रॅपिडमध्ये पहिल्या बेकायदा चालीला समोरच्याला दोन मिनिटे जास्त मिळतात, दुसरीला डाव जातो. स्वतःच्या राजावर शह असताना शह द्यायला धावणारे यात सापडतात.

घरचा सराव

स्वतःचे फसलेले दहा हल्ले काढा. प्रत्येक स्थिती मोबाईलवर न पाहता लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पटावर मांडा. आठ मिनिटे लावा. वहीत तीन ओळी: मोकळी घरे, राखणदार, बेकार मोहरे. खाली तीन उमेदवार चाली आणि प्रत्येकीला समोरच्याचे सगळ्यात चिवट उत्तर. त्यानंतरच इंजिन (चाली मोजणारा संगणक प्रोग्राम) चालू करा, आणि एक नाही तर तीन पर्यायी चालींच्या रेषा दाखवायला सांगा. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाच्या विश्लेषण पटावर ही सोय फुकट आहे. इंजिनची पहिली चाल माणसाला न सापडणारी असू शकते. तिसरी चाल थोडी कमी गुणांची पण समजणारी असेल तर डावात तीच खेळण्याजोगी.

वहीच्या समासात चूक कोणत्या जातीची ते एका शब्दात लिहा: शह, घर, क्रम, संख्या, वेळ. दहा स्थिती झाल्या की कोणता शब्द जास्त वेळा आला ते पाहा. ‘क्रम’ जास्त असेल तर कोडी वाढवू नका. सोडवलेल्या कोड्यात पहिल्या दोन चाली उलट केल्या तर काय बिघडते ते शोधा. ‘संख्या’ जास्त असेल तर मॉर्फीचे डाव पुन्हा मांडा आणि बळीच्या चालीआधी त्याने कोणते मोहरे बाहेर काढले तेवढेच टिपा. ‘वेळ’ जास्त असेल तर दोष हल्ल्याचा नाही, ओपनिंगचा आहे.